जरामरण म्हणजे थोडेसे मरण नव्हे

गेल्या शनिवारी भावगीतांच्या एका कार्यक्रमाला 500 रुपयांचे तिकीट काढून गेलो आणि मध्यंतरानंतर पुन्हा आत जाण्याची इच्छाच उरली नाही. चार दिवस होऊन गेले तरी डोके शांत होत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

गीतरामायणातले 'पराधीन आहे जगती' सुरू झाले होते. वडील गेल्याचे दुःख उरात घेऊन भरत वनात आला आहे आणि राम त्याची समजूत घालतो आहे, असा तो प्रसंग. त्यात गदिमांनी 'जरामरण' हा शब्द योजला आहे. जरा म्हणजे वार्धक्य. त्यातला 'ज' 'जीवन'मधल्या 'ज'सारखा उच्चारायचा आणि पुढचे 'मरण' त्याला जोडूनच यायचे, कारण तो समास आहे. गायिकेने 'जरा थांब'मधला 'जरा' म्हटला, क्षणभर श्वास घेतला आणि मग 'मरण' म्हटले. जन्माला आलेला कोणीही म्हातारपणातून आणि मृत्यूतून सुटत नाही असे सांगणाऱ्या ओळीत थोडेसे मरण येऊन बसले. आवाज सुरेल होता, जागा नेमक्या घेतल्या जात होत्या आणि सभागृहात टाळ्या पडत होत्या. माझ्या शेजारच्या दोन खुर्च्यांवरचे लोकही टाळ्या वाजवत होते, याचा मला सर्वांत जास्त राग आला.

मध्यंतरात मी आत जाऊन त्या मुलीला शांतपणे हे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि समोरचा टॅबलेट माझ्याकडे वळवला. गाणे रोमन लिपीत होते, कुठल्या तरी संकेतस्थळावरून जसेच्या तसे उचललेले, आणि 'जरा' व 'मरण' हे दोन वेगळे शब्द म्हणून छापलेले. रोमन लिपीत दोन्ही 'ज' सारखेच दिसतात, 'ळ' आणि 'ल' एकच होतात, 'ण' आणि 'न' यांत फरक राहत नाही. मग 'वेळ'ची 'वेल' होते, 'काळ'चा 'काल' होतो आणि 'चांदणे'मधला 'च' 'चंद्रा'सारखा उच्चारला जातो. तिला दोष देऊन मी थांबू शकलो असतो, पण तेवढ्यात आयोजक मध्ये पडले. ते म्हणाले, "अहो काका, लोक चाल ऐकायला येतात. शब्दांकडे एवढं कोण लक्ष देतंय?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. केवळ सूर ऐकायचे असतील तर त्यासाठी आपल्याकडे बासरी आहे, सतार आहे, 'तोम तनन'वर उभा असलेला तराणा आहे. ख्यालातही बंदिशीच्या दोन ओळींवर तासभर गायले जाते आणि तिथे शब्द मागे पडले तर माझी काहीच तक्रार नाही, कारण त्या गायकीचे सारे सामर्थ्य रागाच्या मांडणीत असते. भावगीताचे तसे नाही. ते मुळात कविता असते आणि संगीतकार त्या कवितेचा अर्थ, तिचे थांबे, तिच्यातला एखादा जड शब्द पाहून चाल बांधतो. शब्द मोडला की ज्या कारणासाठी तो स्वर तिथे ठेवला होता ते कारणच नाहीसे होते, आणि मग ज्याला आयोजक 'चाल' म्हणतात तीसुद्धा शिल्लक राहत नाही.

1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले आणि वर्षभराहून अधिक काळ आठवड्याला एक याप्रमाणे 56 गाणी लोकांनी ऐकली. त्या काळात घराघरांत गाण्यांच्या वह्या असत. माझ्या आईची 200 पानी वही अजून माझ्याजवळ आहे. रेडिओवर गाणे लागले की ती पेन्सिलीने भराभर ओळी उतरवून घ्यायची; जो शब्द ऐकू आला नसेल तिथे बोटभर जागा कोरी सोडायची आणि पुन्हा कधी ते गाणे लागेपर्यंत वाट पाहायची. काही जागा वर्षावर्षाने, वेगळ्या शाईने भरलेल्या आहेत. चौथी शिकलेली बाई एका शब्दासाठी इतकी थांबत होती, आणि आज मंचावर बसून मानधन घेणाऱ्या माणसांना शब्दकोश उघडायला पाच मिनिटे नसतात.

निवेदकाची तऱ्हा तर याहून वाईट. 'ये रे घना' सादर करताना आशाताईंचे नाव घेतले, हृदयनाथांचे घेतले, पावसाविषयी लांबलचक बोलणे झाले, पण आरती प्रभू या नावाने ती कविता लिहिणाऱ्या खानोलकरांचा उल्लेखही झाला नाही. ज्याने पहिला शब्द कागदावर ठेवला तोच माणूस गाळला जातो. मोबाइलवर गाणे लावले तरी हेच घडते: गायकाचे नाव ठळक, नटाचे छायाचित्र मोठे, आणि गीतकार शोधायचा तर तीन ठिकाणी बोट दाबावे लागते, तरीही तो सापडेलच असे नाही. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकाराला स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, असा हक्क मिळाला की त्याने कागदावर सही करून सोडून दिला तरी तो सुटत नाही. कायद्याला जे समजले ते ध्वनिक्षेपक हातात घेऊन तीन तास बोलणाऱ्या माणसाला समजू नये?

आणि जे शब्द नीट उच्चारले जात होते तेही ऑक्टोपॅडच्या दणक्याखाली बुडत होते. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी दोनदा हात वर करून आवाज कमी करण्याची खूण केली, पण ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याने तिकडे पाहिलेही नाही.

घरी आल्यावर मी आईची वही काढली, ते गाणे देवनागरीत स्वच्छ अक्षरात, समास न तोडता लिहून काढले, अवघड शब्दांचे अर्थ पानाच्या कडेला दिले आणि त्या मुलीला द्यावे म्हणून आयोजकांच्या क्रमांकावर छायाचित्र पाठवले. आज सकाळी उत्तर आले. त्यात पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाचे पोस्टर होते. त्यावर चार गायक, सहा वादक, निवेदक, ध्वनिव्यवस्थापक आणि तीन प्रायोजक यांची नावे आहेत. कवी एकही नाही.