सरकार दिल्लीत बदलतं, तानपुरा ग्वाल्हेरात मुका होतो

आज सकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका मुलीचा तानपुरा ऐकला आणि दिवसभर डोकं तापलंय. जोडीच्या तारा सुरात मिळाल्या, तरी गुंजन उठेना. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारांनी खाचा पाडल्यात. तारेखालचं सूत कुठंही सरकवा, जवारी, म्हणजे तारेची ती झणझणती आस, खुलतच नाही. घोडी घासून जवारी नव्यानं काढायला हवी, म्हणजे मिरजेचा कारागीर गाठायला हवा. त्या खर्चासाठी ती एका शिष्यवृत्तीच्या हप्त्याची वाट बघत होती. तो अडकलाय.

आणि दुपारी ग्रुपवर भांडण कशावरून, तर कोणत्या सरकारनं संस्कृतीसाठी जास्त केलं!

अहो, सरकार बदलताना कलेचा पैसा कमी-जास्त होतो तो नंतर. आधी तो थांबतो. निवडणुकीच्या वर्षी फेब्रुवारीत येतं अंतरिम बजेट, आणि संसद मंजूर करते ते लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांचा चालू खर्च. पूर्ण बजेट २०१४ ला १० जुलैला आलं, २०१९ ला ५ जुलैला, २०२४ ला थेट २३ जुलैला. मध्ये आचारसंहिता. ती नव्या घोषणा आणि नव्या मंजुऱ्या अडवते, आधीपासून चालू असलेलं काम नाही. पण टेबलावरचा माणूस कशाला सही करेल? ‘निकाल लागू द्या.’ मग नवे मंत्री, मग तज्ज्ञ समितीची बैठक. तोवर पावसाळा आलेला असतो आणि दमट हवेत तानपुरा आणखी बसतो.

रक्कम तरी केवढी? केंद्राच्या तरुण कलाकारांच्या शिष्यवृत्तीत १८ ते २५ वयाच्या मुलांना दोन वर्षं महिना ५,००० रुपये. तेही महिन्याला नाही, सहामाही चार हप्त्यांत. एक हप्ता लांबला की अर्ध्या वर्षाचा आधार गेला. त्या मुलीनं या काळात रियाज थांबवायचा का?

हिशेब मागायलाच हवा, कागदावरच्या संस्थांनी पैसे खाल्लेत, कबूल. पण त्याची शिक्षा प्रामाणिक माणसाला का?

ज्यांच्या संस्था आहेत त्यांनी एवढं तरी करा. मागच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांतला (जीएफआर) १२-ए नमुना, सीएच्या सहीनं जानेवारीतच पाठवा. ते पोचल्याशिवाय पुढचा पैसा सुटत नाही, आणि ३१ मार्च उलटला की त्या वर्षाची तरतूद संपली. स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीच्या दर्पण पोर्टलवरचं, पॅनवरचं आणि बँकेतलं संस्थेचं नाव अक्षरन् अक्षर एक हवं. एका ठिकाणी ‘संगीत विद्यालय’ आणि दुसरीकडे ‘संगीत महाविद्यालय’ असेल तर पैसे परत जातात. एप्रिल २०२० च्या बँक विलीनीकरणानंतर बऱ्याच शाखांचे आयएफएससी बदलले, तेही बघून घ्या. विद्यार्थ्यांनी सहामाही प्रगती अहवालावर गुरूंची सही मुदतीआधी घ्यावी, पोच जपून ठेवावी.

शिक्षणाचं दुखणं वेगळं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या हातात आहे. धोरण दिल्ली लिहिते, शाळेतल्या शिक्षकाची जागा राज्य भरतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलाकारांना शाळेत शिकवायला बोलवा असं लिहिलंय, आणि ते चांगलंच आहे, नाही म्हणत नाही. पण त्या कलाकाराचं मानधन कुठल्या शीर्षकाखाली टाकायचं, हे मुख्याध्यापकांना कोण सांगणार? मग पेटी कपाटात आणि तबल्यावर धूळ. त्यात सरकार बदललं की अभ्यासक्रम पुन्हा उलथापालथा, आणि पेटी तिथंच.

हे सगळं कुठं, तर ग्वाल्हेरात! महाराज माधवराव शिंद्यांनी संगीतशास्त्री भातखंड्यांना बोलावून १९१८ मध्ये इथं संगीत विद्यालय काढलं. २०२३ मध्ये युनेस्कोनं आपल्या शहराला संगीतनगरी म्हटलं. आणि आपली पोरगी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर गाते.

गाते मात्र काय सुंदर. आज भैरव लावला होता तिनं. कोमल रिषभावर इतकी स्थिर थांबली की मागची ती इलेक्ट्रॉनिक डब्बी ऐकूच येईना.

सांगली-मिरजेकडे कोणाचं जाणं असेल तर कळवा. तानपुरा गवसणीत नीट बांधून देऊ. भोपळ्यावर दाब येऊ देऊ नका, तारा ढिल्या केलेल्या असतील.