खुलासा : ‘हार्मोनचं बीपी’ आणि लकवा

‘हार्मोनमुळे वाढलेलं बीपी खरं बीपी नसतं, त्याने लकवा मारत नाही, गाठ काढली की गोळ्या कायमच्या बंद’ असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यातलं एकही विधान बरोबर नाही.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार करतात. ते जास्त झालं की शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं आणि बीपी चढतं. अमेरिकी डॉक्टर जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये हा आजार (प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम) मांडला. धोका कमी? उलट आहे. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हा हार्मोनदोष नसताना बीपी वाढलेल्यांच्या तुलनेत या रुग्णांत पक्षाघाताची शक्यता सुमारे अडीचपट दिसली. कारण हे हार्मोन रक्तवाहिन्या आणि हृदयावर थेटही घाव घालतं. हृदयाचे ठोके अनियमित होतात, गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते.

रिपोर्टवर पोटॅशियम ४.० दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका, बहुतेक रुग्णांत ते नॉर्मलच असतं. अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (मूत्रपिंडातून येणारं, बीपी सांभाळणारं रसायन) यांची रक्ततपासणी लागते.

ॲड्रिनलमधल्या गाठीचं म्हणाल, तर एकाच बाजूच्या ग्रंथीत दोष असेल तरच ऑपरेशन. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत ऑपरेशननंतर गोळ्यांविना बीपी नॉर्मल झालेले रुग्ण ३७ टक्के होते. ज्यांचं ऑपरेशन होत नाही त्यांना अल्डोस्टेरॉनचा परिणाम रोखणारी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी, अधूनमधून पोटॅशियम तपासत. (पुरुषांत तिने स्तन दुखू, सुजू शकतात, तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतात.) आणि हो, निरोप वाचून चालू गोळी परस्पर थांबवू नका.