खुलासा : घरं स्वस्त म्हणून शहर वाढत नाही

‘मध्यम शहरात घरं स्वस्त असतात, म्हणून लोक आपोआप येतात आणि शहर वाढतं’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो अर्धवट आहे, आणि त्यावर विसंबून घर घेणाऱ्यांचं नुकसान होऊ शकतं.

अमेरिकेतलं डेट्रॉइट पाहा. 1950 साली तिथे साडेअठरा लाख लोक राहत होते, 2020 मध्ये उरले जेमतेम 6 लाख 40 हजार. घरं मातीमोल झाली, तरी लोक जातच राहिले, कारण कामं गेली होती. घराची किंमत बांधकाम खर्चाच्याही खाली आली की मालक गळकं छप्पर दुरुस्त करत नाही. मग शेजारचंही घर रिकामं होतं. पाण्याच्या नळवाहिन्या मात्र तेवढ्याच लांबीच्या राहतात, आणि त्यांचा खर्च उरलेल्या थोड्या लोकांवर पडतो. हा स्वस्तपणा वाढीचा नव्हे, ओहोटीचा होता.

खरा फरक आहे तो इथे : मागणी असतानाही घरं परवडणारी राहतात का? मागणीबरोबर घरंही वाढावीत म्हणून अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहराने 2018 मध्ये मंजूर केलेल्या आराखड्यात एका घराच्या भूखंडावर तीन घरं बांधायला मुभा दिली, आणि 2021 मध्ये नव्या इमारतींवरची पार्किंगची सक्तीही काढली. एकाच कारणाने शहर वाढतं, हा समज आणखीही ठिकाणी दिसतो : स्पेनमधल्या बिल्बाओ शहराला नुसत्या गुगेनहाइम या कला संग्रहालयाने तारलं, असंही सांगतात. पण ते 1997 मध्ये उघडलं, मेट्रो त्याच्या दोन वर्षं आधी धावू लागली होती, आणि नदी स्वच्छ करण्याचं काम तर कितीतरी आधीपासून चालू होतं.