हिरवं पडलं म्हणून पावडर खोटी?

दादा, कॉमेंट नीट वाचली. मखराच्या खांबांना सोनेरी रंगाची ब्रॉन्झ पावडर एनसी लॅकरमध्ये (नायट्रोसेल्युलोजच्या वार्निशात) कालवून मारली, उरलेला डबा जेलीसारखा गोठला, खांब हिरवट पडले, हात लावला की सोनेरी बोटाला येतं, म्हणजे पावडर भेसळीची, आणि मी पोस्टमध्ये तिचं कौतुक करण्यापेक्षा सोनेरी मायका (अभ्रकाची चमकी पावडर) वापरा असं लिहायला हवं होतं, असंच ना?

अहो पण हिरवी पडली म्हणजे त्यात तांबं आहे, भेसळ कसली! ही पावडर म्हणजे तांबं नि जस्त, साधारण 90:10 पासून 70:30 पर्यंत, जस्त वाढेल तसा लालसरपणा जाऊन पिवळा रंग येतो. आणि पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तेच तुमच्या डब्यात झालंय. एनसीत आम्लाचा अंश असतो, तो तांब्याला खातो, हिरवे क्षार तयार होतात आणि लॅकर गोठतं. चपडा (लाखेचं) पॉलिश तर मुळातच आम्लधर्मी, जवसाच्या तेलाच्या वार्निशातही फॅटी ॲसिड असतंच. म्हणून दुकानात पावडरीइतकीच चौकशी मिडियमची, म्हणजे पावडर ज्यात कालवायची त्या द्रवाची, करायची, आम्ल नसलेलं ॲक्रिलिक किंवा खास ब्रॉन्झिंग मिडियम मागायचं, आणि आज लागेल तेवढंच कालवायचं.

बोटाला येण्याचं कारण वेगळं. पावडरीचा कण गोल नसतो, चपटी पापडी असते, दळताना तिला स्टिअरिक ॲसिड लावतात म्हणून ती ओल्या रंगात वर तरंगून एकमेकींवर पसरते, तीच ती आरशासारखी चमक (हे ॲसिड एवढंसं आणि सौम्य असतं, त्याची भीती नको). पण वरच्या पापड्यांना धरून ठेवायला बाइंडर (रंगातला चिकटवणारा भाग) कमी पडतो, म्हणून त्या हाताला लागतात. वरून क्लिअर (बिनरंगी पारदर्शक लॅकर) मारलात तर पुसणं थांबेल पण चमक थोडी कमी होणारच. आणि ब्रश परत परत घोळवू नका प्लीज, पापड्या विस्कटल्या की सोनं मातकट दिसतं.

मायका हिरवा पडत नाही, शंभर टक्के मान्य. पण तो अर्धपारदर्शक, काळ्या किंवा मरून कागदावर झकास, पांढऱ्या पत्रिकेवर फिका. ब्रॉन्झची पापडी धातूची, खालचं काही दिसू देत नाही, म्हणून छापखान्यात सोनेरी शाईसाठी आजही तीच चालते. स्टीलवाला हेन्री बेसेमर माहितीय ना, त्याने हीच पावडर यंत्रावर काढायची युक्ती पेटंट न घेता घरच्या माणसांत गुपित ठेवली आणि त्या कमाईवर पुढे स्टीलचे प्रयोग केले, भंगार मालावर एवढं होत नाही हो.

खांबांचं म्हणाल तर हिरवं झालेलं घासून पूर्ण काढा, त्यावर नुसता नवा हात मारू नका. डब्यात कोरडी पावडर उरली असेल तर ती चांगलीच आहे, झाकण घट्ट लावा आणि दमट जागी ठेवू नका.