‘मालिका पाहिली, आता कादंबरी कशाला?’ या दाव्याला उत्तर

व्हिक्टोरियन कादंबऱ्यांवरच्या टीव्ही मालिकांबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा असा: या कादंबऱ्या म्हणजे त्या काळच्या मालिकाच, सगळ्या हप्त्यांनी छापून येत. लेखकाला शब्दामागे पैसे मिळत, म्हणून एवढा पाल्हाळ. प्रत्येक हप्ता ऐन उत्कंठेच्या जागी तोडलेला. बीबीसीने पाल्हाळ काढला, गोष्ट तशीच ठेवली. तेव्हा मालिका पाहिली की कादंबरी वाचल्यातच जमा.

एकेक मुद्दा घेऊ. उदाहरण मुख्यतः डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’चं आणि तिच्यावरच्या २००५च्या बीबीसी मालिकेचं. अँड्र्यू डेव्हिसची पटकथा, लेडी डेडलॉकच्या भूमिकेत जिलियन अँडरसन. ती मालिका चांगली आहे, म्हणूनच तिच्यावर हा दावा तपासायचा.

“सगळ्या कादंबऱ्या हप्त्यांनी येत.” नाही. ‘जेन एअर’ १८४७च्या ऑक्टोबरमध्ये एकदम तीन खंडांत आली, एकही हप्ता नाही. एमिली ब्राँटेची ‘वदरिंग हाइट्स’ त्याच डिसेंबरात आली. तिचे दोन खंड आणि तिसरा खंड धाकट्या बहिणीच्या ‘अ‍ॅग्नेस ग्रे’चा. तीन खंडी संचाची किंमत दीड गिनी, म्हणजे ३१ शिलिंग ६ पेन्स. एवढे पैसे घालून कोण विकत घेणार? लोक मुडीच्या फिरत्या वाचनालयातून वर्षाला एक गिनी भरून एका वेळी एक खंड आणत. ताणून लिहिण्याचा खरा दबाव इथे होता, कारण तीन खंड भरायलाच हवेत. मोठे समास आणि मोकळ्या ओळी हीसुद्धा तीच युक्ती. पाल्हाळ शोधायचाच असेल तर आधी या संचांत शोधा.

(या मजकुराबरोबर हमखास ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या १९९५च्या मालिकेचा फोटो असतो. ती कादंबरी १८१३ची. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली १८३७मध्ये.)

“शब्दामागे पैसे.” डिकन्सच्या बाबतीत हे साफ चूक आहे. ‘पिकविक’ या पहिल्या कादंबरीच्या वेळी त्याला प्रत्येक भागामागे ठरलेली रक्कम मिळे. ‘ब्लीक हाउस’पर्यंत तो ब्रॅडबरी अँड इव्हान्स या प्रकाशकांबरोबर नफ्यात वाटेकरी झाला होता. भागाचा आकार मात्र पक्का ठरलेला: छापील ३२ पानं, चित्रकार फिझची दोन चित्रं, किंमत एक शिलिंग. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ असे एकोणीस महिने, शेवटचा जोडभाग दोन शिलिंगांचा. मजकूर ३२ पानांबाहेर गेला की प्रुफात ओळी कापायच्या, कमी पडला की भर घालायची. ‘डॉम्बी’ या आधीच्या कादंबरीचा पहिला भाग असाच लांबला होता आणि त्याला बरंच कापावं लागलं होतं. जिथे जास्तीचा शब्द फुकट जातो आणि वर कापण्याचं कामही वाढवतो, तिथे शब्द वाढवून लेखकाला काय मिळणार?

शिवाय प्रत्येक भागाचा आराखडा तो कागदावर आधी मांडून घेई. डाव्या बाजूला स्वतःशीच प्रश्न, अमुक पात्र या महिन्यात आणायचं की थांबवायचं, आणि उजवीकडे प्रकरणं. हे कागद आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. सैल लिहिणारा माणूस असे कागद ठेवत नाही.

मग तीच तीच लकब पुन्हा पुन्हा का येते? टर्व्हिड्रॉपची ऐट, ‘मी तर लहान मूल’ असं म्हणत राहणारा स्किम्पोल, बायकोवर उशी फेकणारा म्हातारा स्मॉलवीड? कारण मूळ वाचकाला दोन भागांमध्ये महिना काढायचा होता. पन्नासहून जास्त पात्रांतला हा कोण, हे एका ओळीत आठवावं म्हणून ती खूण. २००५ची मालिका आठवड्यातून दोनदा लागायची. आठवड्याच्या आत स्मॉलवीडला कोणी विसरत नाही, म्हणून पडद्यावर तीच खूण नुसता तकियाकलाम होते. याचा दोष लेखकाचा नाही, मालिकेचाही नाही. दोन भागांमधलं अंतर बदललं, एवढंच.

“प्रत्येक हप्ता उत्कंठेच्या जागी तोडलेला.” काही भाग तसे आहेत, हे मान्य. नववा भाग (प्रकरणं २६ ते २९) लेडी डेडलॉकच्या आक्रोशावर संपतो, दहावा (३० ते ३२) भंगारवाल्या क्रूकच्या जळून राख होण्यावर. पण पहिला भाग पाहा. प्रकरणं १ ते ४. धुकं, कोर्ट, जेलिबीबाईंचं गबाळं घर, आणि शेवटी? पहाटे नायिका एस्थरला जाग येते, तर समोर रात्रीच्या सदऱ्यात थंडीने दात वाजवणारं पीपी नावाचं पोर. बस्स. यावर वाचक पुढचा शिलिंग मोजायला आला.

चौथ्या भागाचा (११ ते १३) शेवट तर याहून शांत आहे, आणि या सगळ्या वादाची किल्ली तिथेच आहे. एस्थर जेवणावळीचं सविस्तर सांगते आणि अगदी शेवटी म्हणते की एक सांगायचं राहिलंच, तिथे आणखी कोणीतरी होतं. बाई नव्हे, पुरुष. सावळासा तरुण डॉक्टर. समंजस वाटला, म्हणजे मैत्रीण एडाने विचारलं आणि मी हो म्हटलं. पूर्ण महिनाभर वाचकाच्या हातात एवढंच. ती त्याच्या प्रेमात पडते आहे हे ती स्वतःलाही सांगत नाही. वाचकाला ते कळतं ते तिने विसरल्याचं सोंग केल्यामुळे. पडद्यावर डॉक्टर दारातून आत येतो तेव्हा नट दिसतो, तिची नजर दिसते, आणि ‘सांगायचं राहिलं’ असं म्हणायला जागाच उरत नाही.

इथून शेवटच्या दाव्याकडे: “पाल्हाळ गेला, गोष्ट तशीच राहिली.” आधी साधं गणित. कादंबरी सुमारे साडेतीन लाख शब्दांची. मालिका पंधरा एपिसोडांची, पहिला तासाचा, बाकीचे अर्ध्या तासाचे; एकूण आठ तास. मिनिटाला दीडशे शब्द धरून पात्रं श्वासही न घेता बोलत राहिली तरी बहात्तर हजार शब्द होतात. चार पंचमांश मजकूर नुसता पाल्हाळ कसा असेल?

गेलं काय, ते मोजता येतं. सदुसष्ट प्रकरणांपैकी तेहतीस एस्थर भूतकाळात सांगते. उरलेली चौतीस एक निनावी आवाज वर्तमानकाळात सांगतो, सगळ्या लंडनवरून फिरत. दोघांना वेगवेगळ्या गोष्टी माहीत असतात, आणि त्यांच्यामधली फट भरणं हे वाचकाचं काम. कॅमेरा स्वभावानेच वर्तमानकाळात आणि बाहेरून पाहतो. म्हणजे दुसऱ्या आवाजाची नजर त्याला जमते, एस्थरची लेखणी जमत नाही. आणि त्या आवाजाची नजर मिळाली तरी वाणी मिळत नाही: ‘जो’ नावाचा झाडूवाला पोरगा मरतो तेव्हा तो आवाज थेट राणीकडे आणि उमरावांकडे वळून बोलतो. पडद्यावर हे कोणी बोलायचं?

पटकथाकारालाही हे ठाऊक असतं. वकील टल्किंगहॉर्न पुस्तकात जवळजवळ कोणाशीच मन मोकळं करत नाही. त्याच्या घराच्या प्रवेशदालनात कोपरावर विटलेल्या कोटातला एक मध्यमवयीन नोकर आहे, त्याला नावही नाही. त्याचे विचार आपल्याला निवेदक सांगतो. निवेदक गेला की टल्किंगहॉर्नने बोलायचं कोणाशी? म्हणून मालिकेत क्लॅम्ब नावाचा कारकून आला. ही चांगली सुतारकी आहे. पण यालाच नवी रचना म्हणतात, ‘जशीच्या तशी’ म्हणत नाहीत.

‘नॉर्थ अँड साउथ’चं उदाहरण याहून उघड. गॅस्केलबाईंची ही कादंबरी १८५४-५५मध्ये डिकन्सच्याच ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ साप्ताहिकात आली. साप्ताहिकाच्या तोकड्या जागेत शेवट उरकावा लागला अशी त्यांची स्वतःची तक्रार होती, आणि पुस्तक काढताना त्यांनी शेवटाकडे भर घातली. ‘हप्ते म्हणजे मालिकेसाठी तयार माल’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. २००४च्या मालिकेत गिरणीमालक थॉर्नटन सुरुवातीलाच गिरणीतल्या कामगाराला मारतो. पुस्तकात हे नाही. शेवटी रेल्वे फलाटावर तो आणि नायिका मार्गारेट चुंबन घेतात. तेही पुस्तकात नाही, आणि त्या काळात चारचौघांत असं वागणं चाललंही नसतं. पुस्तकात दोघं लंडनला, हार्ली स्ट्रीटवरच्या तिच्या मावशीच्या घरात आहेत. तो तिच्या हेल्स्टन गावाहून आणलेली वाळकी गुलाबाची फुलं दाखवतो. मग मावशीला कसं सांगायचं हा प्रश्न येतो. मावशी पहिल्यांदा काय उद्गारेल ते तो ओळखतो: ‘तो माणूस!’ आणि त्याची आई काय म्हणेल ते मार्गारेट सांगते: ‘ती बाई!’ कादंबरी इथे संपते, दोन घरांचा एकमेकांबद्दलचा तिरस्कार दोघांनी हसत तोंडात घोळवताना.