‘बोलतोय ना, मग काही नाही’ हे खरं नाही

अपघातानंतर ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: ‘ग्रामीण रुग्णालयात वेळ घालवू नका, तिथे इजा नजरेतून सुटतात. थेट शहरात नेऊन सीटी स्कॅन काढा, काही सुटणार नाही. माणूस बोलत असेल तर घाबरू नका.’

शेवटचं वाक्य सर्वांत घातक, म्हणून आधी तेच. कवटीच्या आत रक्त साचत असतानाही काही रुग्ण तासन्‌तास नीट बोलतात, चहा मागतात. मग डोकं ठणकतं, उलटी होते, झापड येते. तोवर नातेवाईक त्यांना घरी घेऊन गेलेले असतात.

सीटीत सगळं दिसतं, हेही चूक. पोटाला मुका मार लागून आतडं फाटलं, तरी सुरुवातीच्या तासांतला सीटी नॉर्मल येऊ शकतो. मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाची चीर तर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही, १०-१४ दिवसांनी तो पुन्हा काढावा लागतो.

आमच्या ग्रामीण रुग्णालयातही इजा सुटली आहे, ते लपवत नाही. उसाच्या ट्रॉलीखालून काढलेला एक तरुण रात्री आणला होता. नडगीचं हाड कातडीबाहेर आलेलं. आम्ही सगळे त्या पायाभोवतीच. पहाटे सिस्टरनी पोटाला हात लावला तर ते फळीसारखं कडक. पायाच्या वेदनेपुढे त्याला पोट जाणवलंच नव्हतं. १०८ने पुढे पाठवला, आतडं शिवलं, वाचला. पण रात्रभर दर तासाला पोट दाबून पाहायला हवं होतं, आणि त्याला कुठलंच यंत्र लागत नाही.

शहरातही इजा सुटतात. म्हणून तर मोठ्या ट्रॉमा सेंटरांत २४ तासांच्या आत रुग्ण डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा तपासायची पद्धत आहे.

आमच्याकडे रात्री सर्जन नसतो, सीटी नसतो, ही तक्रार रास्तच आहे. पण रक्तस्राव दाबून थांबवणं, श्वास मोकळा करणं, छातीत कोंडलेली हवा काढणं शहर येईपर्यंत थांबत नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कात हाडांचे सर्जन डॉ. जेम्स स्टायनर यांचं विमान शेतात कोसळलं. पत्नी गेली, मुलं गंभीर जखमी झाली. जवळच्या छोट्या रुग्णालयातले उपचार त्यांना अपुरे वाटले. त्यांनी ती रुग्णालयं टाळा असं सांगितलं नाही. सहकाऱ्यांसोबत तिथल्या डॉक्टरांसाठी प्रशिक्षण उभं केलं. १९७८ साली नेब्रास्कातच सुरू झालेला तो एटीएलएस (अपघातग्रस्तांवरच्या पहिल्या उपचारांचा) अभ्यासक्रम आज जगभर शिकवला जातो.