‘मोठं मन दाखवा’ म्हणणाऱ्या बेळगावच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. कर्नाटकात उगम पावून गोव्यात मांडवी म्हणून समुद्राला मिळणाऱ्या म्हादईवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया शांतपणे वाचली. कडक आहे, पण पोटतिडकीनं लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही चार ओळींत उरकत नाही.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. म्हादईच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाच्या हिशेबानं तिच्या खोऱ्यात वर्षाला १८८ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आहे, त्यातलं कर्नाटकाला खोऱ्याबाहेर वळवायला मिळालं फक्त ३.९ टीएमसी, आणि तेवढ्यासाठी गोवा ऊर बडवतो. बेळगावची भाजी खाऊन, बेळगावचं दूध पिऊन गोवेकर हुबळी-धारवाडच्या तहानलेल्यांना पाणी नाकारतात. १९६७ च्या जनमत कौलात मराठी बोलणारे असून तुम्ही महाराष्ट्राला नाकारलंत, कर्नाटक तर परकंच. म्हणजे तुम्हाला शेजारी असा कुणीच नको आहे. आणि शेवटचं वाक्य : ‘आधी देश, मग राज्य. मोठं मन दाखवा.’

३.९ पासूनच सुरुवात करते. लवादानं २०१८ च्या ऑगस्टमध्ये निवाडा दिला तेव्हा कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी मंजूर केलं. त्यातलं ८.०२ वीजनिर्मितीसाठी, आणि कळसा आणि भांडुरा या नाल्यांतून कर्नाटकातल्या मलप्रभा नदीत वळवायचं ते तुमचं ३.९. तुमचा आकडा बरोबर आहे. पण १८८ हा वर्षभराचा आकडा, आणि त्यातलं बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत धो धो वाहून समुद्राला मिळतं. जुलैत साखळीला वाळवंटीच्या काठावर उभे राहिलात तर तुमचंच खरं वाटेल. तेव्हा आमच्या बाजारपेठेत पाणी शिरू नये म्हणून पंप लावावे लागतात. एप्रिलमध्ये या. बंधाऱ्याच्या फळ्या घालून अडवलेलं असेल तेवढंच पाणी, त्याच्या वरच्या अंगाला उघडे पडलेले धोंडे. वाळवंटी ही म्हादईची उपनदी, तिचं पाणी येतं महाराष्ट्रातून, पण उन्हाळ्याचं हे चित्र सगळ्या खोऱ्यात सारखंच. खाली मांडवीत भरतीचा जोर गांजेपर्यंत जाणवतो. वरून येणारी गोड्या पाण्याची धार बारीक झाली की खारं पाणी तेवढं वर सरकतं, आणि खाजन शेतीची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घालून राखलेल्या सखल शेतीची, गणितं तिथंच बिघडतात. म्हणून आम्ही वर्षाचा आकडा ऐकत नाही, उन्हाळ्याचा विचारतो.

तरीही नुसत्या पाण्यावर हे भांडण एवढं चिघळलं नसतं. ३.९ च नेतील, उन्हाळ्यातली धार तोडणार नाहीत, हे रोजच्या रोज मोजून दोन्ही बाजूंना दाखवायची सोय असती, तर माझ्यासारख्या कितीतरी जणांनी वेगळा सूर लावला असता. अविश्वास आला तो काम ज्या रीतीनं झालं त्यातून.

कणकुंबी तुम्हाला माहीत असेलच. मलप्रभेचा उगम तिथला, आणि कळसा नालाही तिथलाच. एका अंगाला पडलेला पाऊस मलप्रभेतून कृष्णेला जातो, दुसऱ्या अंगाला पडलेला मांडवीतून पणजीला येतो. माउलीच्या देवळाजवळून कालव्याचा चर खणला गेला तो लवाद नेमला जाण्याच्या आधी. लवाद आला २०१० च्या नोव्हेंबरात. म्हणजे आधी खोदकाम, मग न्यायनिवाडा. शेजाऱ्यानं सामाईक गडग्याला आधी भोक पाडावं आणि मग मोजणीला बोलावावं, तसं ते झालं. आणि कणकुंबी, पारवाड, चोर्ला इथली माणसं? ती मराठी बोलणारी, खानापूर तालुक्यातली, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात त्यांची सोयरीक. त्यांना काय वाटतं हे बेंगळुरूनं विचारलेलं मला आठवत नाही, आणि पणजीनंही नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मला खरोखर चीड आली ती सांगते. २०१७ च्या डिसेंबरात गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी एक पत्र लिहिलं. पिण्याच्या पाण्यापुरतं बोलायला गोवा तत्त्वतः तयार आहे, अशा अर्थाचं. हे पत्र कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांना गेलं नाही. तिथं सिद्धरामय्यांचं काँग्रेस सरकार होतं. पत्र गेलं येडियुरप्पांना, म्हणजे पर्रीकरांच्याच भाजपच्या कर्नाटकातल्या अध्यक्षांना, आणि त्यांनी ते हुबळीच्या सभेत वाचून दाखवलं. कर्नाटकाची निवडणूक पाच महिन्यांवर होती. पत्रातला मजकूर चूक की बरोबर, यावर माणसं वाद घालू शकतात. पण दोन राज्यांमधला प्रश्न, खटला लवादासमोर चालू, आणि बोलणं मात्र एका पक्षाच्या घरातल्या घरात! गोव्याच्या विधानसभेत ते आधी मांडलं गेलं नाही. सत्तरीतल्या माणसाला ते दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलं. २०२३ च्या जानेवारीत पुन्हा तेच. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा बेळगाव जिल्ह्यातल्या सभेत बोलून गेले की गोवा आणि कर्नाटकातला हा वाद आम्ही मिटवला, शेतकऱ्यांना पाणी दिलं. त्याही वेळी कर्नाटकाची निवडणूक तोंडावर होती आणि खटला सर्वोच्च न्यायालयात होता.

यात एकाच पक्षाला धरून बसण्यात अर्थ नाही. काँग्रेसवाले चोर्लाघाटाच्या वर म्हादई वळवा म्हणतात आणि घाट उतरून खाली आले की म्हादई वाचवा म्हणतात. दोन्ही डगरींवर हात ठेवायला यांच्यातलं कुणीच मागे नाही. मलप्रभेच्या पट्ट्यातल्या नरगुंद-नवलगुंदचा शेतकरी रस्त्यावर उतरला तो पाण्यासाठी, मतांसाठी नव्हे. त्याला प्रत्येक निवडणुकीला तेच आश्वासन नव्यानं मिळालं, आणि आम्हाला प्रत्येक निवडणुकीनंतर नवी भीती. तो आणि आम्ही एकमेकांशी कधी बोललोच नाही.

आता १९६७. हा मुद्दा तुम्ही टोमणा म्हणून मारलात, पण माझ्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली तिथंच आहे.

आमच्या घरातली मोठी माणसं विलीनीकरणवादी, म्हणजे गोवा महाराष्ट्रात जावा म्हणणारी. त्या बाजूची खूण असलेल्या फुलाला मत दिलेली. वाड्यावर दोन पानांची, म्हणजे वेगळं राहण्याच्या बाजूचीही घरं होती, आणि त्या दिवसांत एकमेकांच्या ओसरीवर जाणं बंद झालं होतं, असं घरात ऐकत मी वाढले. वातावरण फार तापलेलं होतं. मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री आणि तेच विलीनीकरणाचे पुढारी, मग कौल निःपक्षपाती कसा होणार, असा विरोधकांचा सवाल होता. सवाल रास्त होता. भाऊसाहेबांनी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली, आणि १६ जानेवारी १९६७ ला लोकांनी मत दिलं. वेगळं राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१, विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. म्हणजे हरलेली बाजू काही मूठभर नव्हती.

आणि मग काय झालं? दोन महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि गोव्यानं मगोलाच पुन्हा निवडून दिलं. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले, १९७३ साली जाईपर्यंत राहिले. ज्या लोकांनी त्यांचा सर्वांत मोठा आग्रह नाकारला, त्यांनीच राज्य त्यांच्या हाती दिलं. आमच्या घरातल्या माणसांना हार बोचली, पण फसवलं असं कुणी म्हटलं नाही. प्रश्न उघड विचारला गेला, सगळ्यांसमोर मोजला गेला, ज्याच्यावर शंका होती तो माणूस आधी बाजूला झाला. म्हणून हरलेल्यांनाही निकाल मानता आला. भाषेचा वाद असा स्वच्छ मिटला नाही. १९८७ चा राजभाषा कायदा होऊनही ती जखम ठसठसते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

तेव्हा महाराष्ट्राला ‘नाकारलं’ म्हणजे वैर धरलं, असं नाही. तिळारीचंच बघा. धरण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात, खर्चाचा ७३.३० टक्के वाटा गोव्याचा, २६.७० महाराष्ट्राचा, देखरेखीला दोन्ही राज्यांचं नियंत्रण मंडळ. कालवा फुटतो. पुन्हा पुन्हा फुटतो. फुटला की गोव्यातल्या बार्देश तालुक्यात नळ कोरडे पडतात, आणि लोक बांधकामाच्या नावानं खडे फोडतात. पण महाराष्ट्रानं आमचं पाणी चोरलं, असं बार्देशात कुणी म्हणत नाही. कारण वाटा, खर्च, जबाबदारी सगळं कागदावर आहे. त्याच दोडामार्गात, वाळवंटीच्या वरच्या अंगाला, विर्डीच्या धरणाचं काम २०२३ साली पुन्हा सुरू झाल्याचं दिसलं तेव्हा मात्र गोव्यानं लगेच हरकत घेतली. राज्य तेच, तालुकाही तोच. एका ठिकाणी ठरवून केलेलं काम आणि दुसऱ्या ठिकाणी परस्पर सुरू झालेलं.

गोव्याच्या मनाचा कोतेपणा तुम्ही काढलात, त्यातलं जे खरं आहे ते खरंच. २०१८ साली बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा दोडामार्गची माणसं रस्त्यावर आली. ज्या तालुक्यात आमचं धरण आहे तिथल्या बाळंतिणीला आम्ही परकी ठरवलं, याची मला आजही लाज वाटते. बाजारात भाजीवाल्याला ‘घाटी’ म्हणून हिणवणारी जीभ आमचीच. आणि म्हादईच्या नावानं गळा काढणाऱ्या सरकारनं म्हादईच्या रानाचं काय केलं? २०२० च्या जानेवारीत सत्तरीत गोळावलीला चार वाघ विष घालून मारले गेले. २०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयानं म्हादई अभयारण्य तीन महिन्यांत व्याघ्रप्रकल्प म्हणून अधिसूचित करा असं सांगितलं, तर आमचं सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. कणकुंबीच्या रानाला लागून असलेलं हे रान राखलं असतं तर नदीच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा उभा राहिला असता. तो आम्ही आपल्या हातानं सोडला.

पण ‘आधी देश’ हे मला पटत नाही, कारण ते नेहमी लहानाला सांगितलं जातं. लोकसभेत गोव्याचे खासदार दोन, कर्नाटकाचे २८, महाराष्ट्राचे ४८. ज्याच्यामागे एवढं संख्याबळ त्याचं तोंडी आश्वासनावरही भागतं, कारण ते मोडलं तर तो हिशेब चुकता करू शकतो. आमच्याकडे कायदा आणि उघड प्रक्रिया एवढंच आहे. आता कर्नाटकही याच जागी येऊन उभं आहे. लोकसभेच्या जागांचं राज्याराज्यांतलं वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेलं होतं, ते २०२६ नंतरच्या जनगणनेवर नव्यानं करायचं म्हटल्यावर दक्षिणेतली राज्यं धास्तावली आहेत. लोकसंख्या आटोक्यात ठेवली म्हणून आपला आवाज कमी होणार का, हा त्यांचा प्रश्न. त्यांना उत्तरेतून कुणी ‘मोठं मन दाखवा’ म्हटलं तर बेंगळुरूला ते चालेल? आणि तुम्ही स्वतः बेळगावातले मराठी. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ‘आधी देश, मग भाषा’ हे तुम्हाला किती जणांनी ऐकवलं असेल! ते ऐकताना कसं वाटतं हे तुम्ही मला समजावून सांगायला नको, आणि मीही तुम्हाला नको.

मग करायचं काय, असं तुम्ही विचाराल. माझ्या मते बसायला जागा हवी. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं शेजारी राज्यांनी बोलावं म्हणून विभागीय परिषदा केल्या. गोवा आहे पश्चिम परिषदेत, गुजरात-महाराष्ट्राबरोबर. कर्नाटक आहे दक्षिण परिषदेत. ज्यांची नदी एक, रेल्वे एक, भाजीबाजार एक, त्या दोघांना नियमानं एकत्र बसवणारी परिषदच नाही. आंतरराज्य परिषद देशभराची, पण तिची अकरावी बैठक २०१६ च्या जुलैत झाली ती दहा वर्षांच्या खंडानंतर. म्हादईसाठी केंद्रानं २०२३ साली ‘प्रवाह’ प्राधिकरण नेमलं, कार्यालय पणजीला. त्यांनी तिन्ही राज्यांत पाहणी केली २०२४ च्या जुलैत, प्रत्येक नाला दुथडी भरून वाहत असताना. माझी मागणी साधी आहे : कणकुंबीपासून गांजेपर्यंत तिन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी मिळून बसवलेली मापकं, त्यांचे आकडे रोज लोकांसमोर, आणि दुसरी पाहणी एप्रिलमध्ये. आणि तोवर कुठल्याही पक्षानं प्रचारसभेत हा वाद मिटल्याचं जाहीर करू नये.

एक काम तुमच्यासाठी. मलप्रभेच्या खोऱ्यात ऊस वाढत गेला आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडा राहिला, असं मी तिकडच्या ओळखीच्यांकडून ऐकते. पण ते झालं गोव्यात बसून ऐकलेलं. मलप्रभेवरच्या नविलुतीर्थाच्या धरणातून गेल्या उन्हाळ्यात त्या टोकाला पाणी केव्हा आलं, किती आलं, आणि हुबळीला नळाला किती दिवसांआड येतं, हे तिथल्या माणसांना विचारून तुम्ही लिहाल का? माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारं असलं तरी चालेल. इथंच स्वतंत्र लेख म्हणून देते, एक शब्दही न काढता.